व्हाइटफील्डचं पत्र : मारीकुप्पमची गाडी

नाशिकचे आमचे व्याही गेल्या महिन्यात इकडे आले. पहिला रविवार एका मॉलमध्ये गेला, दुसरा दुसऱ्या मॉलमध्ये. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी गॅलरीतून समोरच्या काचेच्या इमारतींकडे बोट दाखवून विचारलं, "अहो, तुमच्या या गावात बघायला आहे तरी काय?" आमचे चिरंजीव, म्हणजे त्यांचे जावई, लगेच लॅपटॉप उघडून बँकॉकची सहल दाखवू लागले. दोन दिवस शहर, एक दिवस अयुथया.

अयुथयेबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या अयोध्येचं नाव घेऊन सियामच्या राजांनी चारशे वर्षं जिथून राज्य केलं आणि 1767 साली ब्रह्मी फौजेने जे जाळून टाकलं, ते शहर पाहायला बँकॉकचा पाहुणा ऐंशी किलोमीटर जातो. तेवढंच अंतर इकडे काटलं तर काय काय लागतं, हे मात्र बेंगळुरूच्या पाहुण्याला कोणी सांगत नाही. मी व्याह्यांना म्हटलं, "बँकॉक पुढच्या वर्षी. या खेपेला दोन दिवस मला द्या. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. गाडी करायची नाही, स्टेशन जवळच आहे."

आधी या गावाविषयी. व्हाइटफील्ड हे नाव ऐकून कुठलं तरी पांढरं माळरान डोळ्यांपुढे येतं, पण तसं काही नाही. डी. एस. व्हाइट नावाचे गृहस्थ म्हैसूर-कुर्गमधल्या युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेचे प्रमुख होते. बाप इंग्रज, आई इथली, अशा घरांतल्या मुलांना साहेब आपलं म्हणेना आणि गावही आपलं म्हणेना. त्यांनी जमीन कसून स्वतःच्या पायावर उभं राहावं, या विचाराने व्हाइट यांनी महाराजांकडे मागणं घातलं. चामराजेंद्र वाडियारांनी 1882 साली सुमारे 3,900 एकर जमीन दिली. मधोमध गोल मैदान, भोवती बंगले, अशी वसाहत आखली गेली. 1886 चं मेमोरियल चर्च अजून उभं आहे, इनर सर्कलचा गोल रस्ताही आहे. उतरत्या कौलांचे जुने बंगले मात्र आता शोधावे लागतात. शेती काही साधली नाही. पोरं रेल्वेत, तारखात्यात, सोन्याच्या खाणीत गेली, पुढे कित्येकजण परदेशी गेले.

शंभर वर्षांनी दुसरे पाहुणे आले. कर्नाटक सरकार, टाटा आणि सिंगापूरच्या कंपन्या यांनी मिळून 1994 साली इथे टेक पार्कचं काम सुरू केलं. वीज त्यांची, रस्ते त्यांचे, कुंपणाच्या आत सगळं टापटीप. पुढे मुख्यमंत्री झालेले एस. एम. कृष्णा, जे नंतर आपल्याकडे राज्यपाल होते, बेंगळुरूचं सिंगापूर करू म्हणत. सिंगापूर कुंपणाच्या आत झालं. बाहेर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं.

आता पूर्वेचा दिवस. व्हाइटफील्डचं रेल्वे स्टेशन काडुगोडीत आहे. ही लाइन 1864 ची, बेंगळुरूहून जोलारपेट्टैला आणि तिथून मद्रासला जाणारी. सकाळी आम्ही मारीकुप्पमची गाडी पकडली. मालूर, बंगारपेट, मग फाटा. पुढच्या स्टेशनांच्या पाट्या वाचून व्याही चक्रावले: कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन. ही रेल्वे स्टेशनं सोन्याच्या खाणींसाठी झाली. आपण आलो ते कोलार गोल्ड फील्ड्स.

या खाणींवरचा 'केजीएफ' सिनेमा त्यांनी हिंदीत पाहिला होता, त्यामुळे हातोडा घेतलेला नायक कुठून निघतो तेच ते शोधत होते. दिसले ते राखाडी रंगाचे डोंगर. खनिज दळून, सायनाइड वापरून सोनं काढल्यावर उरलेल्या चुऱ्याचे हे ढीग. जॉन टेलर कंपनीने 1880 मध्ये इथे काम सुरू केलं आणि एकशेवीस वर्षांत सुमारे 800 टन सोनं निघालं. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरच्याही खाली गेली होती. खाणीला वीज हवी म्हणून शिवनसमुद्रच्या धबधब्यावर वीजघर बांधलं आणि 1902 साली ती वीज इथे पोचली. बेंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले ते 1905 मध्ये, म्हणजे शहर या खाणीच्या तीन वर्षं मागे होतं.

आपल्या मुंबईचाही एक धागा इथे आहे. जमिनीवर विश्वकिरणांचा इतका मारा असतो की न्यूट्रिनोसारखा लाजाळू कण त्यात सापडत नाही. म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोल, आपली उपकरणं बसवली. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची खूण जगात पहिल्यांदा पटली त्यात 1965 चा हा प्रयोग होता. सोनं काढण्यासाठी खणलेल्या भोकाचा असा उपयोग होईल हे जॉन टेलरच्या स्वप्नातही नसेल.

28 फेब्रुवारी 2001 ला खाण बंद झाली. सोनं काढायचा खर्च सोन्याच्या किमतीपेक्षा जास्त येऊ लागला होता. खाणकामगारांत तमिळ लोक फार. त्यांच्या पत्र्याच्या चाळी अजून आहेत. मुलं मात्र पहाटेची गाडी धरून बेंगळुरूला जातात, कोणी सुरक्षारक्षक, कोणी दुकानात, कोणी आमच्या समोरच्या काचेच्या इमारतींत. रात्री परत येतात. आमच्या सोसायटीच्या फाटकावरचा पोरगा ऊरगामचा आहे, हे मला या प्रवासाआधी ठाऊक नव्हतं, कारण मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

खाणींपासून एसटीने तीसेक किलोमीटरवर कोलार. हे गंगांच्या राजवटीतलं कुवलाल, म्हणजे बेंगळुरूपेक्षा कितीतरी जुनं शहर. कोलारम्मा ही ग्रामदेवता. देवळाच्या भिंतींवर राजेंद्र चोळाच्या काळचे तमिळ लेख आहेत. शेजारी चेलम्मा, विंचवाची देवी. तिला दान दिलं की विंचू डसत नाही अशी श्रद्धा, आणि दानपेटी नाही, जमिनीतच खड्डा आहे, त्यात पैसे टाकायचे. विहीणबाईंनी दहाची नाणी टाकली. "नाशिकला विंचू कमी झालेत, पण राहू दे," म्हणाल्या. तिथून चालत सोमेश्वराला गेलो. विजयनगरच्या काळातल्या कल्याणमंडपाचे खांब पाहायला अर्धा तास हवाच.

येताना डोळे उघडे ठेवा. दुतर्फा टोमॅटो, नाचणी, तुती. कोलारला बारमाही नदी नाही, सगळी भिस्त तळ्यांवर. ती तळी आटली, बोअरची खोली वाढत गेली. 2018 पासून बेंगळुरूचं सांडपाणी प्रक्रिया करून पाइपाने इकडच्या तळ्यांत सोडतात. तळी भरली, पण पाणी आणखी शुद्ध करून द्या, ही इथल्या शेतकऱ्यांची मागणी अजून आहे. शहराने माणसं नेली, भाजी नेली आणि परत पाठवलं ते हे पाणी.

परतीला होसकोटे लागतं. होस म्हणजे नवा, कोटे म्हणजे कोट. इथली बिर्याणी खायला बेंगळुरूची तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी पहाटे रांगा लावतात. आम्ही संध्याकाळी पोचलो, त्यामुळे चहावर भागवलं.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेला. मेट्रोची जांभळी लाइन 2023 च्या मार्चमध्ये व्हाइटफील्डला आली आणि ऑक्टोबरात मधला तुटलेला तुकडा जोडला गेला. मॅजेस्टिकला लाइन बदलून कृष्णराजेंद्र मार्केटला उतरलो. ही बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडाची 1537 ची पेटे. पेटे म्हणजे आपली पेठच. पुण्यात पुष्कळ पेठा वारांच्या नावाने, इथे मालाच्या आणि धंद्याच्या नावाने. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्किपेटे. बळे म्हणजे बांगडी, म्हणून बळेपेटे. गाणिगरपेटे तेल्यांची, त्या गाणिगात आपला घाणा ऐकू येतो. शेजारी किल्ल्याचा उरलेला तुकडा. मातीचा कोट हैदरअलीने 1761 मध्ये दगडाचा केला आणि 1791 मध्ये कॉर्नवॉलिसने तो फोडला.

इथे व्याही थांबले आणि छाती काढून म्हणाले, "हे सगळं आपलंच होतं की!" शहाजीराजे म्हणायचं होतं त्यांना. खरं आहे. 1638 मध्ये रणदुल्लाखानाबरोबरच्या विजापुरी फौजेने बेंगळुरू घेतलं आणि बेंगळुरू, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा मुलूख शहाजीराजांना जहागीर मिळाला. काल ज्या रस्त्याने आम्ही आलो तोही त्यातलाच. राजांचा दरबार इथे होता. जयराम पिंड्ये या कवीने त्याचं वर्णन 'राधामाधवविलासचंपू'त केलं आहे, इतिहासाचार्य राजवाड्यांनी ते 1922 मध्ये छापलं. थोरले चिरंजीव संभाजीराजे कनकगिरीच्या मोहिमेत पडले. स्वतः शहाजीराजे 1664 च्या जानेवारीत शिकारीत घोड्यावरून पडून गेले. त्यांची समाधी दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरेला आहे.

पण "आपलं" हा शब्द जपून वापरावा. जहागीर विजापूरची होती, तीही जेमतेम पन्नास वर्षं टिकली. धाकटे एकोजीराजे तंजावरला गेल्यावर इतक्या लांबून बेंगळुरू सांभाळणं परवडेना, तेव्हा म्हैसूरच्या चिक्कदेवराज वाडियारांशी तीन लाखांना सौदा ठरला. तेवढ्यात, 1687 मध्ये, औरंगजेबाचा सरदार कासिमखान येऊन शहर घेऊन बसला. शेवटी तीन लाख मोजून ते म्हैसूरकरांकडेच गेलं. बेंगळुरूतली मराठी सत्ता अशी संपली.

सत्ता गेल्यावरही जे राहिलं ते बघायला आम्ही मल्लेश्वरमला गेलो. काडु मल्लेश्वराचं देऊळ एकोजीराजांचं मानतात. काडु म्हणजे रान. 1669 च्या शिलालेखात त्यांनी या मल्लिकार्जुनाला एक गाव इनाम दिल्याची नोंद आहे. इनाम इथल्या देवाला दिलं, म्हणून साडेतीनशे वर्षांनी त्यांचं नाव इथल्या दगडावर आहे. नाहीतर तीन लाखांच्या हिशेबात उरलं असतं.

आणि माणसं राहिली. इथल्या जुन्या मराठा घरांतले लोक नावापुढे राव लावतात. घरी मराठी बोलतात, क्रियापदं आपली आणि सूर कानडी. पेटेतले कित्येक भावसार, शिंपी असेच. जुनी 'मिलिटरी हॉटेलं' म्हणजे मटणाच्या खानावळी, त्यातल्या पुष्कळ मराठा कुटुंबांनी काढल्या. बिर्याणी पानाच्या द्रोणात मिळते, त्याला इथे दोन्ने म्हणतात. रजनीकांत हे याच शहरातल्या मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड. याच शहरात ते बस कंडक्टर होते.

अशाच एका खानावळीत आमची ऑर्डर घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या मालकांशी व्याही हिंदीत बोलू लागले. ते शांतपणे कानडीत उत्तर देत राहिले. मी माझी तुटकी कानडी काढली, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का, एवढंच. मालक हसले आणि मराठीत म्हणाले, "आमचं झालं, तुम्ही बसा."

हा प्रसंग इथल्या आमच्या मराठी मंडळींना मी पुन्हा पुन्हा सांगतो. दहा-दहा वर्षं राहून ज्यांना "कन्नड गोत्तिल्ला", कन्नड येत नाही, एवढंच वाक्य येतं, ते मुंबईत परप्रांतीयांनी मराठी बोलावं म्हणून हट्ट धरतात. दोन्ही एकाच तोंडाने शोभत नाही. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द कानडीशी भाऊबंदकी सांगतात. आणखी पन्नास शब्द शिकायला आपल्याला जड का जावं?

व्याही परवा नाशिकला गेले. जाताना चिरंजीवांना म्हणाले, बँकॉकचं राहू द्या, पुढच्या खेपेला होदिगेरेला जाऊ. तुमच्यापैकी कोणी मुलांकडे व्हाइटफील्डला येणार असाल तर सकाळी मारीकुप्पमकडे जाणारी गाडी धरा. कामावर येणारी माणसं त्या वेळी उलट्या दिशेने येत असतात, त्यामुळे बसायला जागा मिळते.