अंड्यांच्या ट्रेवर तारीख हवीच

यवतमाळ, वणी, पुसद, कुठेही मे महिन्यात पारा बेचाळिशी सहज ओलांडतो आणि अंड्यांचे ट्रे मात्र फ्रिजबाहेरच रचलेले असतात. उष्णतेत टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून ओल उडते, रुंद टोकाची हवेची पोकळी वाढते, पांढरा भाग पातळ होतो. अॅगमार्कची प्रतवारी वजनासोबत नेमकं हेच तपासते: 'अ' प्रतीला पोकळी ४ मिलिमीटरपर्यंत, 'ब' प्रतीला ८ पर्यंत. पण १९३७ च्या कायद्यावर उभी असलेली ही प्रतवारी ऐच्छिक आहे. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा असुरक्षित अन्न विकायला मनाई करतो खरा, पण अंडं कधीचं हेच कळत नसेल तर गिऱ्हाईक कशाच्या जोरावर तक्रार करणार?

'फोडल्यावर कळतंच की' हे सडलेल्या अंड्यापुरतं खरं. साल्मोनेला जिवाणूला ना वास, ना रंग. 'लहान विक्रेत्यांवर बोजा पडेल' हा आक्षेप जास्त वजनदार आहे. घरच्या चार कोंबड्यांची गावठी अंडी बाजारात आणणाऱ्या बाईला तारखेचे शिक्के मारायला लावूच नये. सक्ती ट्रे भरणाऱ्या पोल्ट्री फार्मवर आणि ठोक व्यापाऱ्यावर हवी. तपासणीही महाग नाही. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरा: पोकळी, केसाएवढा तडा, रक्ताचं कडं दिसतं. तडकलेली आणि रक्ताचं कडं दिसणारी अंडी फार्मवरच बाजूला काढली, तर ती हातगाडीवरच्या ऑम्लेटपर्यंत पोहोचणारच नाहीत.