सहा राष्ट्रांचा एक संघ
(लॅक्रॉसच्या जागतिक स्पर्धेविषयी)

लॅक्रॉस हा खेळ आपल्याकडे फारसे कुणी खेळत नाही. त्याच्या जागतिक विजेतेपदाची बातमी वृत्तपत्राच्या क्रीडापानावर आलीच, तर ती चार ओळींत संपते. तरीही गेली दोन वर्षे मला या स्पर्धेचा नाद लागला आहे. "त्यात आपलं कोण आहे?" असे मैत्रिणी विचारतात. आपले कुणी नाही हे खरे. पण परक्यांच्या सामन्यातही बघणाऱ्याला एक बाजू घ्यावीच लागते, एरवी ती नुसती धावपळ वाटते. मी जी बाजू घेतली तिची हकीकत सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच. आधी खेळ थोडक्यात सांगते.

लॅक्रॉसचे मैदान हॉकीच्या मैदानापेक्षा थोडे लांब असते. प्रत्येक बाजूला दहा खेळाडू : एक गोलरक्षक, तीन बचावाचे, तीन मधले आणि तीन चढाईचे. प्रत्येकाच्या हातात काठी आणि काठीच्या टोकाला जाळीची खोळ. चेंडू भरीव रबराचा, क्रिकेटच्या चेंडूहून किंचित लहान. गोलरक्षकाखेरीज कुणी त्याला हात लावायचा नाही. काठीनेच झेलायचा, काठीनेच फेकायचा. धावताना चेंडू खोळीतून पडू नये म्हणून काठी सारखी डोलवत ठेवावी लागते; तान्ह्या मुलाला झोका द्यावा तशी. बचाव करणाऱ्यांच्या काठ्या सहा फूट लांब असतात आणि त्यांनी ते प्रतिस्पर्ध्याच्या काठीवर सपासप मारतात. पंधरा मिनिटांची चार सत्रे, सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच गोल, आणि त्या गोलाच्या मागेही खेळायला जागा. पाठीमागून येऊन गोल करणारा खेळाडू प्रथम पाहिला तेव्हा मला ती लबाडीच वाटली होती.

एक नियम मात्र मला फार आवडतो. गोलाच्या दिशेने मारलेला चेंडू हुकून मैदानाबाहेर गेला, तर तो जिथून बाहेर गेला त्या रेषेच्या सर्वांत जवळ जो खेळाडू असेल त्याच्या संघाला मिळतो. त्यामुळे एकाने गोलावर चेंडू मारला की दुसरा आधीच मागच्या रेषेकडे धावत सुटतो. नेम चुकणार हे गृहीत धरून धावणारा असा गडी दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिला नाही.

पुरुषांची जागतिक स्पर्धा १९६७ साली टोरांटो येथे सुरू झाली. तेव्हा संघ चारच होते : अमेरिका, कॅनडा, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया. पुढे ती साधारणपणे दर चार वर्षांनी होऊ लागली. २०१४ साली डेन्व्हरला युगांडाचा संघ आला, आफ्रिकेतून आलेला पहिला. २०१८ साली इस्रायलमधील नेतान्या येथे ४६ संघ होते. २०२३ साली सॅन दिएगो येथे ३० होते. पण संघ कितीही वाढले तरी २०२३ पर्यंतच्या चौदा स्पर्धांपैकी अकरा अमेरिकेने आणि तीन (१९७८, २००६, २०१४) कॅनडाने जिंकल्या. तिसऱ्या कुणाचे नाव त्या यादीत नाही. पुष्कळ सामने एकतर्फी होतात हेही कबूल केले पाहिजे. मात्र हे दोघे समोरासमोर आले की चुरस पाहावी. २०१८ चा अंतिम सामना ८-८ असा बरोबरीत असताना शेवटचा एक सेकंद उरला आणि अमेरिकेच्या टॉम श्रायबरने गोल केला. घड्याळाविषयीचा वाद नंतर पुष्कळ दिवस चालला. मी तो सामना मागाहून मोबाईलवर पाहिला. निकाल ठाऊक असूनही माझे हात गार पडले होते.

माझी बाजू मात्र या दोघांची नाही. २०१४, २०१८ आणि २०२३ अशा लागोपाठ तीन स्पर्धांत तिसरा क्रमांक मिळवणारा संघ होडिनोशोनी लोकांचा. जगाच्या राजकीय नकाशात या नावाचा देश सापडणार नाही. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा अशा सहा मूळ अमेरिकन राष्ट्रांचा हा महासंघ. पहिली पाच राष्ट्रे फार पूर्वीच एकत्र आली होती; टस्करोरा १७२२ च्या सुमारास मिळाले. त्यांची वस्ती अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात आहे, तशीच कॅनडातही आहे. सीमारेषा मागून आली आणि त्यांच्या मधून गेली. फ्रेंचांनी त्यांना 'इरोक्वॉय' म्हटले आणि संघही बराच काळ त्याच नावाने खेळला. २०२२ साली त्यांनी आपले स्वतःचे नाव घेतले. 'लांब घरातील लोक' असा त्याचा अर्थ. जांभळ्या निशाणावर पांढरे चार चौकोन आणि मधोमध पाइन वृक्ष : पहिल्या पाच राष्ट्रांची ही खूण.

आणि लॅक्रॉस हा खेळच मुळात त्यांचा आणि त्यांच्या शेजारच्या लोकांचा. 'लॅक्रॉस' हे नाव फ्रेंचांचे, पण खेळ त्यांच्या येण्याआधीपासूनचा. होडिनोशोनी त्याला परमेश्वराने दिलेला खेळ मानतात. गावात कुणी आजारी असेल तर त्याला बरे वाटावे म्हणूनही सामना खेळतात. मुलगा जन्मला की त्याच्याजवळ छोटी काठी ठेवतात आणि म्हातारा गेला की काठी त्याच्याबरोबर पुरतात. ती हिकरी लाकडाची परंपरागत काठी स्त्रियांनी हाताळू नये असाही संकेत आहे. मला तो पटत नाही, आणि ज्यांची बाजू घेतली त्यांचे सगळेच गोड मानावे असे कुठे आहे? त्यांच्या मुलींनीही जुन्या मंडळींचा विरोध सोसून संघ उभा केला आणि आज त्या जागतिक स्पर्धांत खेळतात.

या खेळाचे नियम १८६७ साली लिहिले ते माँट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी. लिहिले म्हणजे तो आपल्या हाती आला, असेच गोऱ्या क्लबांना वाटले असावे. १८८० साली कॅनडातील राष्ट्रीय संघटनेने फक्त हौशी खेळाडूंनाच चषकासाठी खेळता येईल असे ठरवले. मूळ रहिवासी खेळाडू प्रवासखर्च भागवण्यासाठी पैसे घेऊन खेळत. म्हणजे ते धंदेवाईक ठरले आणि बाहेर गेले. ज्यांचा खेळ त्यांनाच चषकाच्या सामन्यांची दारे बंद!

शंभर वर्षांनी, १९८३ साली, ओनोंडागांचे ओरेन लायन्स आणि इतरांनी पुन्हा राष्ट्रीय संघ उभारला. लायन्स हे सिराक्यूज विद्यापीठाचे नामांकित गोलरक्षक होते. १९९० साली पर्थला हा संघ जागतिक स्पर्धेत प्रथम उतरला, अमेरिकेचा म्हणून नव्हे, कॅनडाचाही नव्हे, स्वतःच्या नावाने. तिथून पहिल्या पदकापर्यंत चोवीस वर्षे लागली.

मधे २०१० चे साल आले. स्पर्धा इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे होती. हा संघ परदेशी जातो तो आपल्या महासंघाच्या पासपोर्टवर. ही प्रथा आजची नाही. कायुगांचे प्रमुख डेस्काहे १९२३ साली राष्ट्रसंघापुढे गाऱ्हाणे मांडायला जिनिव्हाला गेले तेही अशाच पासपोर्टवर. पण या पासपोर्टांत काही मजकूर हाताने लिहिलेला होता आणि २००१ नंतर सुरक्षेचे नियम कडक झालेले. न्यूयॉर्कमध्ये संघ अडकून पडला. परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी एक वेळची सवलत दिली, तेव्हा अमेरिकेकडून वाट मोकळी झाली. मग ब्रिटनने व्हिसा नाकारला. अमेरिकेचा किंवा कॅनडाचा पासपोर्ट घ्या, लगेच जाऊ देतो, असे सांगण्यात आले. तो मिळायला अडचण नव्हती. खेळाडूंनी घेतला नाही. इंग्लंडशी ठरलेला सामना हुकला, मग स्पर्धाच हुकली आणि संघ घरी परतला.

कुणी म्हणेल, एका पुस्तिकेसाठी एवढा हट्ट कशाला? राज्यशास्त्राच्या तासाला 'राष्ट्र' आणि 'राज्य' यांतील फरक सरांनी फळ्यावर लिहून दिला तो मी पाठ केला होता. समजला तो या प्रसंगाने. शिवाय आपण कोण आहोत हे दुसऱ्याच्या कागदावर लिहून आणायचे म्हणजे काय, हे दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्यांना वेगळे सांगायला नको. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिली. त्या पायऱ्या मला ठाऊक आहेत. आम्हाला निदान कागद मागायला एक कचेरी तरी असते.

पुढे २०१५ साली बंदिस्त मैदानावरची जागतिक स्पर्धा ओनोंडागांच्याच भूमीवर भरली. अंतिम सामन्यात यजमान कॅनडाकडून १२-८ असे हरले. पण मला त्या स्पर्धेतील दुसरीच गोष्ट लक्षात राहिली : बाहेरून आलेल्या संघांच्या पासपोर्टांवर यजमानांनी आपला शिक्का मारून दिला.

२०२२ च्या बर्मिंगहॅम (अलाबामा) येथील जागतिक क्रीडा महोत्सवात पुन्हा तेच झाले. मानाने जागा मिळायला हवी असतानाही, त्यांना ऑलिंपिक समिती नाही, सार्वभौम राज्य नाही, म्हणून वगळले गेले. ओरड झाल्यावर आयोजकांनी नियम सैल केला, पण जागा भरलेल्या होत्या. तेव्हा आयर्लंडच्या संघाने आपली जागा सोडून दिली. १८४७ साली आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला असताना अमेरिकेतील चोक्टॉ लोकांनी, स्वतः देशोधडीला लागलेले असून, पैसे जमवून पाठवले होते. चोक्टॉ हे होडिनोशोनींपैकी नव्हेत. तरी ती आठवण आयर्लंडात जपली जाते आणि कॉर्क परगण्यात तिचे स्मारक आहे.

आता प्रश्न ऑलिंपिकचा. १९०४ आणि १९०८ या दोन ऑलिंपिकांत लॅक्रॉसला पदके होती. १९०४ साली सेंट लुईसला मोहॉकांच्या एका संघाने कॅनडाच्या नावाखाली तिसरा क्रमांक मिळवला होता. त्यानंतर हा खेळ पदकांच्या यादीत परत आला तो थेट २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी, आणि तो ठराव झाला आपल्या मुंबईत! १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात क्रिकेटला प्रवेश मिळाला तेव्हा आपल्याकडे मोठा आनंद झाला; त्याच ठरावात लॅक्रॉस होता, याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. ऑलिंपिकमध्ये हा खेळ आखूड स्वरूपात, एका बाजूला सहा खेळाडू घेऊन, लहान मैदानावर आणि आठ मिनिटांच्या चार सत्रांत व्हायचा आहे. पुरुषांचे सहा संघ, स्त्रियांचे सहा.

होडिनोशोनींना त्यात स्वतःच्या निशाणाखाली खेळू द्यावे असे डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडन यांनी जाहीरपणे म्हटले. ऑलिंपिक समितीचे उत्तर होते की, राष्ट्रीय ऑलिंपिक समित्यांचेच संघ येऊ शकतात. त्या खेळाडूंनी हवे तर अमेरिकेकडून किंवा कॅनडाकडून खेळावे. म्हणजे २०१० साली जे सांगितले गेले तेच. लाइल थॉम्पसनसारखा खेळाडू, ज्याला अमेरिकेतील महाविद्यालयीन लॅक्रॉसचा सर्वोच्च मान दोनदा मिळाला (त्या पुरस्काराचे नावसुद्धा 'तेवारातन', मोहॉकांच्या भाषेतले!), अमेरिकेच्या संघात सहज बसेल. पण जागतिक स्पर्धांत तो खेळत आला आहे तो जांभळ्या निशाणाखाली.

ज्यांना हे सामने पाहायचे असतील त्यांनी वेळेचे गणित ध्यानात ठेवावे. उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेसात झालेले असतात. पहिला तास बुडणार हे उघड आहे.