निवडुंग : कुंपणावरून दावणीत



चैत्र-वैशाखात आपल्या दावणीकडे एकदा नीट पाहा. विहिरीने तळ गाठलेला असतो, हिरवी वैरण संपलेली असते, कडब्याची गंज रोज खाली बसत असते. अशा वेळी हातची गाय पडत्या भावात बाजार दाखवते आणि पुढच्या वर्षी तशीच गाय घ्यायला दुप्पट पैसे मोजावे लागतात. ही पाळी टाळायला मदत करील असे एक झाड आपल्या ओळखीचेच आहे. ते म्हणजे फड्या निवडुंग.

हे झाड मूळचे आपले नव्हे, ते अमेरिका खंडातले. लाल रंग देणारे कोचीनिल किडे पोसण्यासाठी इंग्रजांच्या अमदानीत ते इकडे आणले गेले. रंगाचा धंदा बसला, पण निवडुंग मात्र रानोमाळ पसरला. शेवटी १९२६ साली सिलोनमधून त्याच कुळीचा दुसरा किडा आणून दक्षिण भारतातला निवडुंग आटोक्यात आणावा लागला. असे हे बदनाम झाड, पण मेक्सिकोत त्याच्या कोवळ्या फड्यांची भाजी होते आणि ब्राझीलच्या दुष्काळी भागात त्यावर गाई-शेळ्या जगतात.

याचे गुपित सोपे आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांवरची छिद्रे उघडतात आणि पाणी गमावतात. निवडुंग आपली छिद्रे रात्री, गारव्यात उघडतो. म्हणून थोड्या पाण्यात, मुरमाड जमिनीतही तो हिरवा राहतो.

वैरणीसाठी बिनकाट्याच्या जाती घ्याव्यात. उरुळीकांचनच्या बायफ संस्थेने अशा जातींवर काम केले आहे. केंद्राच्या भूसंसाधन विभागानेही पाणलोट कार्यक्रमातून त्यांच्या लागवडीला उत्तेजन दिले आहे. बेणे घेताना खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या.

लागवड अशी करा. पुरती वाढ झालेले निरोगी फडे सांध्यावर कापा आणि दोन आठवडे सावलीत ठेवा. कापलेली जागा सुकली नाही तर फडा जमिनीत कुजतो. पावसाचा जोर ओसरल्यावर फड्याचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग मातीत जाईल असा उभा लावा. दोन ओळींत साधारण दोन मीटर आणि दोन झाडांत एक मीटर अंतर पुरते. पाणी साचणारी जमीन मात्र टाळा. पहिली कापणी वर्ष-दीड वर्षाने करा. बुडचे फडे झाडावर राखलेत तर पुन्हा फूट येते.

आता सर्वांत महत्त्वाचे. निवडुंग ही पोटभर वैरण नव्हे. दहा किलो फड्यांत नऊ किलोच्या आसपास पाणीच असते, सुका अंश जेमतेम एक किलो. प्रथिनेही कमीच. नुसता निवडुंग घातला तर जनावर ढाळते. म्हणून फड्यांचे बारीक तुकडे करा, कडब्याच्या कुट्टीत मिसळा आणि वर थोडी पेंड किंवा शेवरीसारखा पाला द्या. गाईला पहिले काही दिवस दोन-तीन किलोच द्या. शेण पातळ होत नाही हे पाहून हळूहळू वाढवा. निवडुंगाचा फायदा दुहेरी आहे. कडबा पुरवून वापरता येतो आणि पिण्याच्या पाण्याचीही बचत होते.

दोन धोके ध्यानात ठेवा. फड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले आणि चिरडल्यावर लाल रंग निघाला, तर तो कोचीनिल किडा समजा. असे फडे लगेच काढून जाळा. ब्राझीलमध्ये या किड्याने वैरणीच्या निवडुंगाची फार मोठी हानी केली. दुसरा धोका शेळ्यांचा. एके काळी निवडुंग आपल्या शेताचे कुंपण होता. बिनकाट्याच्या निवडुंगाला मात्र आपणच कुंपण घालावे लागते!

लाल बोंडांचेही सरबत आणि जॅम होतात. सोलण्यापूर्वी त्यांवरची बारीक कुसळे नीट काढावीत. मुलांनी बोंडे खाल्ल्यावर लघवी लाल झाली, तर तो बहुधा बोंडांचाच रंग असतो. बोंडे न खाताही तसे दिसले, तर डॉक्टरांना दाखवा.

सगळी शेती निवडुंगाला द्या, असे मुळीच सांगणे नाही. ज्या चार गुंठे माळावर काही पिकत नाही, तेवढ्यावर यंदा पन्नास फडे लावून पाहा. दुष्काळ आल्यावर लावलेले झाड त्या दुष्काळात कामी येत नाही. ते आधीच लावून ठेवावे लागते.