सातबाऱ्यावरचा ‘अ.पा.क.’ म्हणजे मुलांचा पालक नव्हे

खुलताबाद तालुक्यात वडील अकाली गेलेल्या घराचा सातबारा काढला, तर लहान मुलांच्या नावापुढे बहुधा ‘अ.पा.क.’ दिसतं आणि त्यापुढे आईचं किंवा काकांचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ही तीन अक्षरं लागली की मुलांची जमीन विकता येते, असं पुष्कळजण धरून चालतात. तसं नाही. ही नोंद महसुली दप्तरापुरती असते. वडिलांच्या पश्चात मुलाच्या स्वतंत्र मालकीची झालेली जमीन विकायला किंवा गहाण टाकायला 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार आईलाही आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ती न घेता केलेलं खरेदीखत मूल अठरा वर्षांचं झाल्यावर तीन वर्षांच्या आत रद्द करून मागू शकतं. नुसता सांभाळ करणाऱ्या काकांना तर विकण्याचा अधिकारच नाही. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याचे नियम वेगळे आहेत. तिथे वकिलाचा सल्ला घ्यावाच.

दुसरा समज असा, की वडिलांनी मृत्युपत्रात थोरल्या भावाला पालक नेमलं म्हणजे विषय संपला. आई हयात असेल तर त्या नेमणुकीला काहीच बळ नसतं. वडिलांच्या पश्चात आई नैसर्गिक पालक, आणि तिने मृत्युपत्रात दुसरं नाव लिहिलं तर तेच नाव धरलं जातं. तिने काही न लिहिता डोळे मिटले, तरच वडिलांनी नेमलेला माणूस पुढे येतो. म्हणजे निर्णायक कागद आईचा, आणि आपल्याकडे मृत्युपत्र करत नाही ती आईच. मला हे फार लागतं.

1956 चा हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख घरांनाही लागू आहे. खुलताबादच्या मुस्लिम घरांत मात्र गणित उलटं आहे. हनफी कायद्यात लहान मुलांचा सांभाळ आईकडे असला, तरी त्यांच्या मालमत्तेचा पालक वडील; नंतर वडिलांनी मृत्युपत्रात नेमलेला पालक, म्हणजे वसी, आणि त्यानंतर वडिलांकडचे आजोबा. आई आपोआप या यादीत येत नाही. मात्र वडील मृत्युपत्रात बायकोलाच वसी नेमू शकतात. तेवढी ओळ राहून गेली, तर तिला न्यायालयात नेमणूक मागावी लागते.

विमा पॉलिसीत किंवा बँकेत मुलाच्या वतीने कुणाचं नाव दिलं, तरी तो माणूस त्या पैशांपुरताच. मुलाचा पालक नव्हे.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साधा कागद, आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. मात्र वाद झाला, तर न्यायालय सगळ्यात आधी मुलाचं हित पाहतं. म्हणून जिच्या अंगावर मूल आजही विश्वासाने झोपतं, ती मावशी, आत्या किंवा मामी कोण, ते आधी पाहा. तिला समोर बसवून विचारा, तिचा होकार घ्या, आणि मगच आई-वडील दोघांनीही आपापल्या मृत्युपत्रात तिचं नाव लिहा.