पेशीच्या पोटातला निरोप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०२१च्या दुसऱ्या लाटेत घराघरांत एक प्रश्न शुगर किंवा बीपी विचारावं इतक्या सहजतेने विचारला जात होता: ‘आयएल-६ किती आलं?’ आकडा मोठा असला की काळजात धस्स व्हायचं आणि टोसिलिझुमॅबच्या इंजेक्शनसाठी नातेवाइकांची धावपळ सुरू व्हायची. ‘सायटोकाइन स्टॉर्म’ हा प्रयोगशाळेतला शब्द त्या दिवसांत रोजच्या बोलण्यात आला आणि त्याच्यासोबत बऱ्याच चुकीच्या समजुतीही आल्या.

सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेला निरोप. ही छोटी प्रथिनं असतात. ‘इकडे या’, ‘वाढा’, ‘आता थांबा’ असं ती शेजारच्या पेशींना सांगतात. इंटरफेरॉन-गॅमा, टीएनएफ, आयएल-२, आयएल-४ ही त्यांतली काही नावं. कोणती पेशी कोणता निरोप लिहिते आहे, हे चमकणाऱ्या अँटीबॉडी आणि फ्लो सायटोमेट्री यांच्या मदतीने पेशीगणिक पाहता येतं. तंत्र देखणं आहे, पण त्यातून निघालेल्या आकड्यांचा अर्थ लावताना शिकलेली माणसंही चुकतात. त्यातले नेहमीचे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज १: रक्तातलं सायटोकाइन मोजलं की कोणती पेशी काम करते आहे ते कळतं.

वस्तुस्थिती: नदीचं पाणी तपासून गाळ किती ते कळतं. तो कोणत्या ओढ्यातून आला, हे कळायला ओढ्यापर्यंत चालत जावं लागतं. आयएल-६चा रिपोर्ट हा नदीच्या पाण्याचा रिपोर्ट आहे. हे सायटोकाइन मॅक्रोफेज बनवतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी बनवतात, इतरही अनेक पेशी बनवतात. आकड्यावर कोणाचीच सही नसते.

सही महत्त्वाची का, हे १९८६मध्ये टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी दाखवलं. उंदरांच्या मदतनीस टी-पेशींचे त्यांनी दोन गट केले. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत, पण एक गट इंटरफेरॉन-गॅमा सोडायचा आणि दुसरा आयएल-४. पहिल्या गटाचा निरोप पेशींत लपून बसणाऱ्या जंतूंविरुद्ध उपयोगी, तर दुसऱ्याचा कृमी आणि ॲलर्जी यांच्याशी जोडलेला. पृष्ठभागावरची खूण एकच असल्यामुळे पेशीच्या आत डोकावण्याला पर्याय उरला नाही.

फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी पाण्याच्या बारीक धारेतून एकामागून एक लेझरसमोरून जातात. अँटीबॉडीला जोडलेला रंग क्षणभर उजळतो आणि यंत्र त्या उजेडाची नोंद घेतं. सेकंदाला हजारो पेशी अशा मोजल्या जातात. पडद्यावर ठिपके उमटतात. ती पेशींची छायाचित्रं नसतात. उजेडाचे आकडे आलेखावर मांडले की असे ठिपके दिसतात.

गैरसमज २: सीडी४ काउंट म्हणजे हीच तपासणी.

वस्तुस्थिती: यंत्र बहुतेक वेळा हेच, पण प्रश्न वेगळा. एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या एआरटी केंद्रातला सीडी४ काउंट सांगतो की रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये सीडी४ ही खूण असलेल्या मदतनीस टी-पेशी किती आहेत. त्या काम करतात की नाही, याबद्दल तो काही सांगत नाही. हजेरीपटावरून शेतावर किती मजूर आले ते कळतं, कोणी किती खुरपलं ते कळत नाही. सायटोकाइन पाहणं म्हणजे खुरपलेल्या सरी मोजणं.

गैरसमज ३: चमकणारी अँटीबॉडी टाकली की ती आपोआप पेशीत शिरून सायटोकाइनला चिकटते.

वस्तुस्थिती: जिवंत पेशीचं आवरण अँटीबॉडीला आत येऊ देत नाही. शिवाय पेशी सायटोकाइन बनवते ते बाहेर पाठवण्यासाठी. निरोप लिहून झाला की तो निघून जातो आणि आत शोधायला फारसं काही उरत नाही. म्हणून तीन कामं करावी लागतात.

आधी निरोप अडवायचा. ब्रेफेल्डिन-ए हे बुरशीपासून मिळणारं रसायन किंवा मोनेन्सिन हे जिवाणूपासून मिळणारं रसायन घातलं की पेशीतली प्रथिनांची वाहतूक अडते आणि सायटोकाइन आतच साठत जातं. मग फॉर्मल्डिहाइडने पेशी आहे त्या अवस्थेत पक्की करायची. शेवटी आवरणाला बारीक छिद्रं पाडायची. त्यासाठी सॅपोनिन वापरतात. ज्या कुळातल्या पदार्थामुळे रिठ्याला फेस येतो, तेच हे कूळ. प्रयोगशाळेतलं सॅपोनिन सहसा चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीतून येतं. ते आवरणातल्या कोलेस्टेरॉलला धरतं आणि वाट मोकळी करतं.

इथे एक बारकावा आहे. सॅपोनिनने पाडलेली वाट कायमची नसते. सॅपोनिन धुऊन काढलं की ती पुन्हा मिटते. म्हणून आतल्या अँटीबॉडीचं काम संपेपर्यंत धुण्याच्या प्रत्येक द्रावात सॅपोनिन ठेवावं लागतं. हे विसरलं तर अँटीबॉडी बाहेरच राहते, पडद्यावर काहीच दिसत नाही, आणि ‘या रुग्णाच्या पेशी सायटोकाइन बनवत नाहीत’ असा साफ चुकीचा निष्कर्ष निघतो.

फॉर्मल्डिहाइड आणि सॅपोनिन यांची ही जोडी १९९१मध्ये स्वीडनमधल्या सँडर आणि अँडरसन यांच्या गटाने मांडली. १९९३मध्ये युंग आणि सहकाऱ्यांनी पेशीतली सायटोकाइन फ्लो सायटोमेट्रीने ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजचे तयार किट त्याच पायावर उभे आहेत.

गैरसमज ४: ताजं रक्त यंत्रात घातलं की पेशी निरोप लिहिताना दिसतात.

वस्तुस्थिती: रक्तातून फिरणाऱ्या बहुतेक टी-पेशी विसावलेल्या असतात आणि काही बनवत नसतात. त्यांना आधी प्रश्न विचारावा लागतो, आणि उत्तर प्रश्नावर अवलंबून असतं.

सगळ्यांना एकदम जागं करायचं तर पीएमए आणि आयोनोमायसिन ही जोडी चार ते सहा तास देतात. पीएमए हा पदार्थ आपल्याला ओळखीच्या जमालगोट्याच्या तेलातून सापडला. तो पेशीला आतूनच चेतवतो, आयोनोमायसिन कॅल्शियम वाढवतं, आणि पेशीची क्षमता किती ते कळतं. पण ती कोणत्या जंतूला ओळखते, हे त्यातून कळत नाही. उलट पीएमएमुळे सीडी४ ही पृष्ठभागावरची खूण आत ओढली जाते, आणि माहिती नसलेल्याला वाटतं की सीडी४ पेशी नाहीशाच झाल्या. म्हणून अशा प्रयोगात सीडी४ची अँटीबॉडी छिद्रं पाडल्यानंतर देणं शहाणपणाचं.

नेमका प्रश्न विचारायचा तर जंतूच्या प्रथिनाचे तुकडे द्यावे लागतात. क्षयासाठी ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं वापरतात, कारण बीसीजी लशीच्या जिवाणूत ती नाहीत. त्यामुळे लस घेतलेल्या मुलाच्या पेशी केवळ लशीमुळे त्यांना प्रतिसाद देत नाहीत. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव हिस्सा ज्या देशात आहे आणि जिथे जन्मल्याबरोबर बीसीजी दिली जाते, तिथे या फरकाचं मोल मोठं आहे. तरीही या प्रतिसादावरून पेशींची जंतूशी ओळख आहे एवढंच ठरतं. आज आजार सक्रिय आहे की जंतू सुप्त आहे, हे ठरत नाही.

गैरसमज ५: प्रत्येक रंग आपापल्या खणात राहतो.

वस्तुस्थिती: रंगांच्या सीमा पाटीवरच्या रेघांसारख्या नसतात. फ्लुरोसीन, म्हणजे प्रयोगशाळेतलं ‘फिटसी’, ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेझरने चेतवलं तर साधारण ५२० नॅनोमीटरला सगळ्यात जास्त उजळतं, पण त्याच्या उजेडाची शेपटी फायकोएरिथ्रिनच्या, म्हणजे ‘पीई’च्या, खणात पोहोचते. पीई स्वतः ५७५च्या आसपास उजळतं. ही सरमिसळ गणिताने वजा करावी लागते आणि त्याला कॉम्पेन्सेशन म्हणतात. त्यासाठी एकेकच रंग दिलेले वेगळे नमुने लागतात. ते वगळले तर एका सायटोकाइनचा उजेड दुसऱ्याच्या नावावर जमा होतो, आणि दोन्ही निरोप लिहिणारी पेशी नसतानाही पडद्यावर दिसते.

कोणता रंग कशाला द्यायचा, हाही विचाराचा भाग. पीई लाल शैवालातून मिळतं आणि खूप तेजस्वी असतं. सायटोकाइन बहुधा थोडंच असतं, म्हणून असा तेजस्वी रंग त्याच्या वाट्याला द्यावा, आणि सीडी४सारख्या ठळक खुणेला फिका रंग पुरतो.

गैरसमज ६: पेशी चमकली म्हणजे तिच्यात सायटोकाइन आहे.

वस्तुस्थिती: चमकायला इतरही कारणं असतात. मेलेल्या पेशी अँटीबॉडीला कुठेही चिकटवून घेतात, म्हणून पक्क्या करण्याआधीच त्यांना वेगळी खूण देणारा रंग वापरावा लागतो. मोनोसाइटसारख्या पेशी अँटीबॉडीची शेपटी धरून ठेवतात. काही पेशी कोणताही रंग न देताच थोड्या उजळतात.

म्हणून प्रत्येक नमुन्याला जोडीदार हवा: त्याच रक्ताचा, त्याच दिवशीचा, फक्त चेतवणी न दिलेला. समजा, चेतवलेल्या नळीत १,००,००० सीडी४ पेशींपैकी १२० पेशींत इंटरफेरॉन-गॅमा दिसलं आणि न चेतवलेल्या नळीत ४० पेशींत. खरा प्रतिसाद ८० पेशींचा, म्हणजे ०.०८ टक्के. आता त्याच प्रमाणात १०,०००च पेशी मोजल्या असत्या, तर तुलना १२ आणि ४ यांची झाली असती. एवढ्या छोट्या आकड्यांत योगायोगाचा वाटा फार मोठा. दुर्मीळ पेशी शोधायच्या तर भरपूर पेशी मोजाव्या लागतात, त्याला दुसरा उपाय नाही.

गैरसमज ७: चमक दुप्पट म्हणजे शरीरात सायटोकाइन दुप्पट.

वस्तुस्थिती: पेशीत दिसणारं सायटोकाइन आपणच अडवून साठवलेलं असतं. किती तास अडवलं, कोणती अँटीबॉडी घेतली, यंत्राच्या डिटेक्टरची संवेदनशीलता कुठे लावली, या सगळ्यांवर चमक अवलंबून असते. दोन प्रयोगशाळांच्या चमकेची थेट तुलना करणं म्हणजे वेगवेगळ्या तराजूंवरची वजनं जोडणं. तसंच न चमकलेली पेशी नेहमीच मुकी असते असंही नाही. त्या सहा तासांत, त्या चेतवणीला तिने उत्तर दिलं नाही, एवढंच ते.

‘चमकलेल्या पेशी वेगळ्या काढून वाढवता येतात’ हेही खरं नाही. फॉर्मल्डिहाइड दिलेल्या पेशी मेलेल्या असतात. जिवंत पेशी हव्या असतील तर वेगळी युक्ती लागते. १९९५मध्ये कोलोनमधल्या अँड्रियास रादब्रुख यांच्या गटाने पेशीच्या अंगावरच जाळं बसवून बाहेर पडणारं सायटोकाइन तिथल्या तिथे पकडण्याची पद्धत दाखवली. त्यात पेशी जिवंत राहते.

गैरसमज ८: इंटरफेरॉन-गॅमा बनवणाऱ्या पेशी वाढल्या म्हणजे संरक्षण मिळालं.

वस्तुस्थिती: या गैरसमजाची किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागली आहे. एचआयव्हीविरुद्धच्या ‘स्टेप’ चाचणीत लस घेतलेल्या बहुतेकांच्या टी-पेशी एचआयव्हीच्या प्रथिनांना ओळखून इंटरफेरॉन-गॅमा बनवत होत्या. तरीही संरक्षण मिळालं नाही, आणि सप्टेंबर २००७मध्ये लस देणं थांबवावं लागलं. क्षयाच्या एमव्हीए८५ए लशीचंही तसंच झालं. दक्षिण आफ्रिकेत सुमारे २,८०० तान्ह्या बाळांवर तिची चाचणी झाली आणि निकाल २०१३मध्ये आला. सायटोकाइन बनवणाऱ्या पेशी तयार झाल्या होत्या, पण क्षयापासून संरक्षण १७.३ टक्के निघालं, आणि तेही संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकलं नाही.

२००७मध्ये उंदरांवरच्या लेशमानियाच्या अभ्यासातून एकाच पेशीने इंटरफेरॉन-गॅमा, टीएनएफ आणि आयएल-२ तिन्ही बनवणं जास्त महत्त्वाचं असू शकतं असं दिसलं होतं. ती दिशा मोलाची, पण माणसांत प्रत्येक रोगासाठी ती खरी ठरलेली नाही. पेशी कुठे आहे, किती दिवस टिकते, जंतूपर्यंत वेळेत पोहोचते का, यांची उत्तरं नळीत घेतलेल्या रक्तातून मिळत नाहीत. म्हणून एखाद्या काढ्याने किंवा गोळीने ‘सायटोकाइन पेशी वाढल्या’ असा दावा वाचला, तर तो आजारापासून संरक्षणाचा पुरावा समजू नका.

याचा अर्थ हे तंत्र कुचकामी आहे असा मुळीच नाही. इंटरफेरॉन-गॅमाच्या साखळीत जन्मजात दोष असलेल्या बाळांना बीसीजीच्या निरुपद्रवी जिवाणूमुळेही गंभीर आजार होतो. अशा बाळाच्या पेशी निरोप लिहितात की नाही, आणि आलेला निरोप ऐकतात की नाही, हे पाहणं उपचाराची दिशा ठरवू शकतं. तिथे जोडीदार नमुना विसरणं, सॅपोनिन वगळणं किंवा मेलेल्या पेशी मोजणं ही छोटी चूक राहत नाही. तिचा भार त्या बाळाला आणि त्याच्या आईवडिलांना वाहावा लागतो.

म्हणून अशा तपासणीची बातमी वाचाल किंवा रिपोर्ट हातात येईल, तेव्हा चार प्रश्न जरूर विचारा. पेशींना कशाने चेतवलं? किती तास? न चेतवलेल्या नळीत किती पेशी चमकल्या? एकूण किती पेशी मोजल्या? ही चार उत्तरं मिळाली, तर पडद्यावरच्या ठिपक्यांतून त्या पेशींनी खरोखर काय लिहिलं होतं, ते वाचता येईल.