आधी दोन तारे आपण ओळखायचे
संगणकीय दुर्बिणीच्या रिमोटमध्ये तारीख, वेळ व ठिकाण भरले, तरी तिला आकाश लगेच कळत नाही. साधारणतः दोन तेजस्वी तारे आधी आपणच ओळखून आयपीसच्या मधोमध आणावे लागतात. मग यादीतून ग्रह निवडला, की ती आपोआप तिकडे वळते.

त्या यादीतली अरबी नावे पाहा. अल्टेअर म्हणजे ‘अन्-नस्र अत्-ताइर’, उडता गरुड, आपला श्रवण. अल्डेबरान म्हणजे ‘अद्-दबरान’, कृत्तिकांच्या मागून येणारा, आपली रोहिणी. इ.स. ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी देवयानीतला ‘छोटा ढग’ नोंदवला. आज रिमोटवर ‘एम ३१’ निवडले, की दुर्बीण त्याच दीर्घिकेकडे वळते.

घाटकोपर-मुलुंडच्या झगमगाटातही हे दोन तारे दिसतात. मुलांना आधी गच्चीवर नेऊन ते नावानिशी दाखवा, बटणे नंतर.