कल्हई, दूध आणि बाळाचं यकृत

पितळी पातेल्याला कल्हई का करायची, तर आंबट पदार्थ कळकतो म्हणून, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक होतं. ताक, आमटी, चिंचेचा सार यांच्याबाबतीत बायका काटेकोर असत. दूध आंबट नाही, त्यामुळे बहुधा त्याच्याकडे कोणी संशयाने पाहिलं नाही. मी डॉक्टर नाही. जुनी भांडी हा माझा विषय. त्यांचा माग काढतानाच मी बालरोगांच्या जुन्या निबंधांपर्यंत पोचलो.

‘इंडियन चाइल्डहुड सिरोसिस’ या नावाने ओळखला जाणारा हा आजार साधारण सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना होई. मूल किरकिरं होई, पोट फुगे, यकृत हाताला कडक लागे. मग कावीळ, जलोदर, आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरात एकामागून एक भावंडं जात. १८८७ साली कलकत्त्यात त्याची पहिली नोंद झाली. पुढे जवळजवळ शतकभर कारण सापडलं नाही. कोणी दृष्ट म्हणे, कोणी पूर्वसंचित.

यकृताचे तुकडे तपासले तेव्हा त्यांत तांबं प्रचंड प्रमाणात आढळलं. ते आलं कुठून, याचा शोध पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडमधले डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी घेतला. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला. त्यांनी आयांना विचारलेला प्रश्न अगदी साधा होता : बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं आणि ते कशात तापवलं? आजारी मुलांना गाई-म्हशीचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवून ठेवलेलं असे.

यात दुधाचाच गुण आडवा येतो. दुधातलं केसिन तांब्याला धरून ठेवतं. नुसत्या पाण्यात ते तितकं उतरत नाही. कथलाची कल्हई उडाली की दूध थेट पितळेला भिडतं. त्यातून नवजात बाळाच्या यकृतात मुळातच तांबं जास्त असतं, आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची शक्ती अजून कच्ची असते.

मग त्याच गावातली, तसंच दूध प्यायलेली बाकीची मुलं कशी वाचली? हा आक्षेप रास्त आहे. काही मुलांत आनुवंशिक दुबळेपणा असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे. ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्येही १९०० ते १९७४ दरम्यान अशाच यकृतविकाराने १३८ बालकं दगावल्याची नोंद आहे, आणि तिथेही दूध तांब्याच्याच भांड्यांत असे. आजाराच्या नावातला ‘इंडियन’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो.

पेनिसिलामाइन हे औषध लवकर सुरू केलेली काही मुलं जगली. पण आजार हटला तो मुख्यतः भांडं बदलल्यामुळे. माझ्या मते यात डॉक्टरांच्या सल्ल्याइतकाच वाटा बाजारात आलेल्या स्टीलचा आहे. नव्वदच्या दशकापासून असा रुग्ण दुर्मीळ झाला.

हल्ली पितळी पातेली पुन्हा शोभेने स्वयंपाकघरात येताहेत, कल्हईवाला मात्र दारावर येत नाही. वरण-भाताचं काय करायचं ते घरच्यांनी ठरवावं. बाळाचं दूध स्टीलमध्येच तापवावं.